‘नाही’ म्हणण्याची ऐपत

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ नावाची एक ओळ असते. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीतच शंभर रुपये जास्त का, असे विचारले तर हिशेबनीस सांगतो की राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि तो आकडा गाठण्यासाठी ही जुळवाजुळव आहे. हा कर मुळात आला कशासाठी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. १९७५ साली महाराष्ट्राने तो लावला, तो खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देता यावे म्हणून. मुंबईच्या कचेरीत कापलेले पैसे दुष्काळी तालुक्यात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीला जायचे.

शहरातला पगारदार आणि गावातला मजूर यांना कायद्याने एकमेकांशी बांधणारी ही योजना म्हणजे रोजगार हमी, लोकांच्या तोंडी ‘रोहयो’. विषमता कमी कशी करायची, या प्रश्नावर जगभर ग्रंथ लिहिले जातात. महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी त्यावर एक प्रत्यक्ष प्रयोग केला. तो कुठे फळला आणि कुठे अडला, हे पाहिले तर विषमतेचा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

दरी केवढी?

विषमता दोन प्रकारची असते. एक मिळकतीची, म्हणजे दरवर्षी घरात काय येते याची. दुसरी संपत्तीची, म्हणजे जमीन, घर, सोने, शेअर असे काय साठलेले आहे याची. पॅरिसच्या वर्ल्ड इनिक्वॉलिटी लॅबने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ साली भारतातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे देशाच्या मिळकतीचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. तळाच्या अर्ध्या लोकसंख्येकडे मिळकतीचा सुमारे १५ टक्के आणि संपत्तीचा साडेसहा टक्क्यांहूनही कमी. याच अभ्यासात १९८२ साली वरच्या एक टक्क्याचा मिळकतीतला वाटा ६.१ टक्के दाखवला आहे. एवढे मोठे अंतर चाळीस वर्षांत पडले.

दरी कमी करण्याचा सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे वरच्याकडून कर घ्या आणि खालच्याला द्या. पण आपल्याकडे वरून घेण्याची साधने एकेक करून गेली. वारसाहक्काने येणाऱ्या इस्टेटीवरचा कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर १९५७ पासून होता, तोही २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. ‘खालच्याला द्या’ यालाही एक मर्यादा आहे. दिलेली मदत खर्च होऊन जाते आणि घेणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी उभा असतो. त्याची जागाच बदलायची असेल तर मालकाशी, सावकाराशी, मुकादमाशी तो ज्या अटींवर व्यवहार करतो त्या अटी बदलाव्या लागतात. रोहयोचे वेगळेपण इथे आहे.

तासगावातून विधिमंडळात

या योजनेचे जनक वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. गांधीविचाराचे, सर्वोदयाकडे ओढा असलेले पागे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देता येईल का, याची पहिली चाचणी त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच विसापूर भागात घेतली. ज्याच्या अंगात कष्ट करण्याची ताकद आहे, त्याला काम न मिळणे हा त्याचा दोष नसून समाजाचा आहे, हा त्यामागचा विचार.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मिलो, सुकडी आणि खडी हे तीन शब्द त्या पिढीच्या आठवणीत अजून एकत्रच येतात. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर मिळणारा पौष्टिक चुरा, आणि खडी म्हणजे दिवसभर फोडायचा दगड. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात, म्हणजे दर दहा माणसांतला एक जण सरकारी कामावर होता. इतका भीषण दुष्काळ पडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले ते या मजुरीमुळे. लोकांच्या हातात पैसा होता, म्हणून बाजारातले धान्य त्यांच्यापर्यंत पोहोचले.

पण दुष्काळी काम ही सरकारची मर्जी असते. आणेवारी घसरावी, दुष्काळ जाहीर व्हावा, मग कामे निघावीत. पाऊस पडला की कामे बंद. पागे यांची कल्पना याच्या पुढची होती. काम मागणे हा मजुराचा हक्क आणि ते देणे हे सरकारचे कायदेशीर बंधन. दुष्काळामुळे थांबलेली योजना तो ओसरल्यावर पुन्हा सुरू झाली, १९७५ मध्ये तिला व्यवसाय कराची जोड मिळाली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढाने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ४१व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहेच. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे बळ दिले.

दाखला लागत नाही

गरिबांसाठीच्या बहुतेक योजनांचा जीव दाखल्यांत अडकलेला असतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, उत्पन्नाचा दाखला आहे का, शिधापत्रिका कोणत्या रंगाची. यादी करणारा माणूस गावातलाच असतो आणि कोणाचे नाव घालायचे हे त्याला पक्के ठाऊक असते. रोहयोत यादीच नाही. वैशाखाच्या उन्हात किमान मजुरीवर माती खोदायला जो तयार आहे, तो गरजू. गावच्या सधन घरातला माणूस फुकटचे धान्य घेईल, पण घमेले उचलायला जाणार नाही. निवड कामच करते, त्यासाठी तलाठ्याची सही लागत नाही.

दुसरी गोष्ट बायांची. स्त्री-पुरुषांना एकच दर, काम गावाच्या आसपास, लहान मुलांना सांभाळण्याची सोय, प्यायचे पाणी, या गोष्टी नियमातच होत्या. सगळीकडे त्या पाळल्या गेल्या असे नाही. पाळणाघराच्या नावाखाली बाभळीला बांधलेली झोळीच अनेक ठिकाणी दिसायची. तरी बाया मोठ्या संख्येने कामावर आल्या. शेतमजुरीत बाईचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी, हा तेव्हा निसर्गनियमच मानला जाई. सरकारी हजेरीपटावर दोघांच्या नावापुढे सारखाच दर लिहिला गेला, तेव्हा त्या नियमाला पहिला तडा गेला.

खरा परिणाम हजेरीपटाबाहेर

रोहयोने विषमता किती कमी केली, हे वाटलेल्या मजुरीवरून मोजायला गेले तर आकडा छोटा दिसतो. पुढे देशभर लागू झालेल्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखाली २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. एखाद्या कुटुंबाने वर्षात पूर्ण शंभर दिवस काम केले तरी २९,७०० रुपये होतात, आणि देशभरात सरासरी पन्नास दिवसांच्या आसपासच काम मिळत होते. एवढ्याने कोणाची गरिबी हटत नाही.

परिणाम शोधायचा तो शेताच्या बांधावर. पूर्वी गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरायचे. मालक सांगेल तो आकडा, कारण गड्याकडे दुसरा पर्याय नसायचा. बीड-नगरकडचा ऊसतोड कामगार पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यासाठी सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात कोयता चालवतो. उचल घेताना दर काय आणि काम किती याची घासाघीस तो करू शकत नाही, कारण त्याच्या घरातले धान्य संपलेले असते. गरिबीचा खरा जाच हाच असतो, की ‘या दरात परवडत नाही, येत नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. गावाजवळ ठरलेल्या दराने हक्काचे काम मिळत असेल तर तीच सोय तयार होते. मग मजूर प्रत्यक्ष त्या कामावर गेला नाही तरी चालते. तो जाऊ शकतो एवढे मालकाला माहीत असले की दर वाढतो.

याचा भक्कम पुरावा आंध्र प्रदेशातून आला. तिथे रोजगार हमीची मजुरी बोटाच्या ठशावर चालणाऱ्या कार्डाने देण्याची सुधारणा झाली. ती कोणत्या मंडलात (तालुक्यासारख्या विभागात) आधी आणि कोणत्या मंडलात नंतर करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले, त्यामुळे दोन्हीकडची तुलना करता आली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाऊस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की सुधारणा झालेल्या भागात लाभार्थी कुटुंबांची मिळकत १४ टक्क्यांनी वाढली. त्यातला ८६ टक्के भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता. तो खासगी कामाचा वाढलेला दर आणि वाढलेले काम यांतून आला होता. सरकारी हजेरीपटावर दिसतो तो परिणामाचा सातवा हिस्सा. उरलेले सहा हिस्से गावच्या मजुरीबाजारात दिसतात.

आता ‘रोहयोमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत’ ही नेहमीची तक्रार पुन्हा ऐकून पाहा. पन्नास एकरवाल्याने ती केली तर योजना काम करते आहे, असा तिचा अर्थ होतो. दोन-तीन एकराच्या कापूसवाल्याने केली तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी लागते. वेचणीचा दर वाढला आणि कापसाचा भाव वाढला नाही, तर तो दोन्हीकडून चेपला जातो. पण तोच शेतकरी उन्हाळ्यात स्वतः रोहयोच्या कामावर असतो, हेही खरे. त्याच्या अडचणीचे उत्तर शेतमालाच्या भावात शोधायला हवे, मजुराचा रोज पाडण्यात नव्हे.

पैसा कोणाच्या खिशातून

रोहयोचे आर्थिक गणित चतुर होते. व्यवसाय कर, मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी अशा अनेक नळ्या एका निधीत सोडलेल्या होत्या, आणि जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच भर राज्याने तिजोरीतून घालायची होती. यातला मोठा वाटा मुंबईतून येई. शहरांनी तो फारशी कुरकुर न करता भरला. गावात काम मिळाले तर लोंढे मुंबईकडे येणार नाहीत, हाही हिशेब त्यामागे होता.

व्यवसाय करात एक जुना दोष मात्र आहे. तो जवळजवळ सपाट आहे. महिना १२,००० रुपये मिळवणारा पुरुष वर्षाला २,५०० भरतो, म्हणजे मिळकतीच्या सुमारे १.७ टक्के. महिना १२ लाख मिळवणाराही २,५०० च भरतो. त्याच्या मिळकतीत तो भाग शंभरपट लहान आहे. स्त्रियांना २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत हा कर माफ आहे. घटनेतली मर्यादा आधी २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून रुपयाची किंमत कितीतरी पटींनी उतरली. विषमता कमी करण्यासाठी आलेला कर असा कारकुनाच्या खिशातून चालत राहिला आणि वरच्या मिळकतीला त्याने हातही लावला नाही.

हक्क कागदावर, काम कुलपात

‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण खेड्यापाड्यांत उगाच पडली नाही. हजेरीपटावर खोटी नावे, एकाच तलावाची दोनदा मोजमापे, मुकादमापासून वरपर्यंत वाटे. मजुरी बँक खात्यात जमा होऊ लागल्यावर ही गळती कमी झाली, पण पैसे महिनोन्‌महिने अडकण्याचा नवा त्रास सुरू झाला. हातावर पोट असलेल्याला उशिराची मजुरी म्हणजे न मिळालेली मजुरीच. तो पुन्हा सावकाराकडे किंवा मुकादमाकडे वळतो, आणि ‘नाही’ म्हणण्याची जी ऐपत आली होती ती निघून जाते.

चोरीपेक्षा मोठा घाव मात्र शांतपणे बसतो. १९८८ च्या मध्यात राज्यातली किमान मजुरी सुमारे दुप्पट झाली आणि रोहयोचे दरही तितकेच वाढले. अशा वेळी काम मागणाऱ्यांची रांग वाढायला हवी होती. प्रत्यक्षात कामावरची हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी या काळाचा अभ्यास करून दाखवले की मजुरी वाढली तसे काम मिळणे अवघड झाले. दर वाढवला, पण त्या प्रमाणात खर्च वाढू द्यायचा नाही म्हटल्यावर कामेच काढली जात नाहीत. कायदा जागेवर राहतो, तहसील कचेरीत ‘शेल्फवर’ (मंजूर करून तयार ठेवलेली) कामेही दाखवलेली असतात, फक्त मजुराने मागणी अर्ज दिला की त्याची पोच मिळत नाही. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कुठून? आणि मग बेकारी भत्त्याचाही प्रश्न येत नाही. हक्क हिरावून घ्यायला कायदा रद्द करावा लागत नाही, पोचपावती अडवली की पुरते. म्हणूनच जिथे मजुरांची संघटना होती तिथे ही योजना चालली आणि जिथे नव्हती तिथे ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली.

तलाव कोणाच्या शेताला?

आता संपत्तीकडे वळू, कारण रोहयोची सर्वांत मोठी मर्यादा तिथे आहे. भूमिहीन बाईने माती वाहिली, तलाव झाला, खालच्या विहिरींना पाणी आले. विहीर ज्याची त्याच्या जमिनीची किंमत वाढली, त्याचा ऊस उभा राहिला. बाईला तेवढ्या दिवसांची मजुरी मिळाली आणि तिचा त्या तलावाशी संबंध संपला. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्येच या योजनेतल्या वर्गहिताकडे बोट दाखवले होते. बड्या शेतकऱ्यांचा या कायद्याला विरोध का झाला नाही, याचे एक उत्तर त्यात आहे. १९९० मध्ये रोहयोला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब उभे राहिले. अनेक लहान शेतकरीही त्यातून सावरले. पण बाग लावायला आधी जमीन लागते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या वाट्याला खड्डे खणण्याचीच मजुरी. एकाच सरकारी खर्चातून खालच्याची मिळकत वाढली आणि वरच्याची संपत्ती.

यावर उत्तर शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. बहात्तरच्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. लोक खडी फोडताहेत आणि पाण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे, हे पाहून त्यांनी नायगावात काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम धाडसी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरते. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. जमीन नसलेल्याला पाणी कशाला, असे वाटेल. पण पाण्याचा हक्क हातात असला की तो जमीनवाल्याबरोबर वाट्याने शेती करू शकतो आणि तिथे तो मजूर म्हणून जात नाही, भागीदार म्हणून जातो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण बांधून घेतले, तेव्हाही समन्यायी पाणीवाटपाचे आणि भूमिहीनांच्या हिश्श्याचे तत्त्व पुढे ठेवले. पागे यांचे विसापूर याच जिल्ह्यातले. कामाच्या हक्काचा विचार जिथे रुजला, तिथेच पाण्याच्या हक्काचा विचारही पुढे आला.

पुढचे अर्धे काम

२००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्याने केंद्राचा पैसा आणला, सामाजिक अंकेक्षण आणले, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अल्पभूधारकांच्या जमिनीवर विहिरी-बांधांना वाव दिला. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या कायद्यात ती कुटुंबामागे शंभर दिवसांची आली. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, शहरांतून परतलेल्या माणसांसह देशभर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. दुसरा कोणताही दरवाजा उघडा नसताना हा एक उघडा होता.

या सगळ्यातून निघणारे शहाणपण फार गुंतागुंतीचे नाही. मजुरीला कायद्याचा तळ असेल आणि काम खरोखर वेळेवर मिळत असेल तर मिळकतीतली दरी खालून भरत येते. त्यासाठी लागणारा पैसा वरच्या मिळकतीतून चढत्या दराने घेतला तर ती वरूनही कमी होते, आणि हे करायला व्यवसाय कराची १९८८ ची मर्यादा बदलण्यापासून सुरुवात करता येईल. पण संपत्तीतली दरी मजुरीने बुजत नाही. सार्वजनिक पैशातून आणि मजुराच्या घामातून जे उभे राहते त्याची मालकी कोणाकडे जाते, यावर ती अवलंबून असते. त्यामुळे पुढच्या वेळी गावात सरकारी खर्चाने बंधारा मंजूर होईल, तेव्हा ग्रामसभेत अंदाजपत्रकाच्या आकड्यासोबत आणखी एक गोष्ट विचारून ठरावात लिहून घ्यावी : या पाण्यात भूमिहीन घरांचा हिस्सा किती?